पहिल्यांदा ए.ए.च्या मीटिंगला जायचंय (मध्य रेल्वे, दादर ते मुलुंड)

भांडुपकर
दारू सोडायची आहे, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना) मीटिंगला जायचं ठरवलंय. राहतो भांडुपला, नोकरी दादरला, साडेसहाला सुटतो. रोज तीन क्वार्टर, बरीच वर्षं. मराठी मीटिंग कशी शोधायची? नाव-पत्ता लिहून घेतात का? पैसे किती? एक पत्ता मिळालाय तो चर्चच्या हॉलचा आहे, म्हणजे हे धार्मिक असतं का? बायकोही सोबत येते म्हणतेय. सोमवारपासून एकदम बंद करणार आहे.

वाटाड्या
ए.ए. इंडियाच्या वेबसाईटवर ग्रुपांची यादी आहे, पण नुसती यादी बघून निघू नका. मुंबईत बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या हॉलमध्ये भरतात. सुट्टीत किंवा निवडणुकीत शाळा मिळत नाही, मग जागा बदलते आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. त्यामुळे त्याच दिवशी दुपारी ए.ए.च्या हेल्पलाईनला फोन करा. वार, वेळ, भाषा, स्टेशनची पूर्व की पश्चिम बाजू, कुठलं गेट, कितवा मजला, एवढं विचारून घ्या. संध्याकाळी शाळेचं मोठं गेट बंद असतं, नवा माणूस दोन मिनिटं घुटमळतो आणि परत फिरतो. असे फार जण हातचे जातात. म्हणून गेटवर कुणाला तरी उभं राहायला सांगा, आनंदाने येतात.

माझं मत, घराजवळची शोधू नका. दादर किंवा वाटेतल्या स्टेशनजवळची, सातच्या सुमाराची बघा. पाय बारकडे वळतात ती हीच वेळ. एकदा घरी पोचलात की पुन्हा बाहेर पडणं अवघड.

आत काय होतं? मीटिंग तास-दीड तासाची असते. सुरुवातीला प्रस्तावना आणि बारा पायऱ्या (दारूतून बाहेर पडायचा ए.ए.चा मार्ग) वाचतात, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, चालतं. रजिस्टर नाही, आडनाव विचारत नाहीत. फी नाही. शेवटी थैली किंवा डबा फिरतो, त्यातून भाडं आणि चहा निघतो. पहिल्या दिवशी काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते.

धर्माचं म्हणाल तर हॉल चर्चचा असला तरी ग्रुप चर्चचा नसतो. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आम्हाला उमगलेला’ असा. नास्तिकही नियमित येतात.

निळी_छत्री
भांडुपकर, सोमवारपासून एकदम बंद करू नका, कृपा करून. तीन क्वार्टर म्हणजे रोज ५४० मिली. इतकी दारू अचानक थांबली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप, यात माणूस दगावूही शकतो. कारण साधं आहे. मेंदू इतकी वर्षं दारूच्या गुंगीला तोंड देत सतत ताणलेला राहिलेला असतो, दारू काढली की तो ताण तेवढाच उरतो.

आधी मनोविकार ओपीडीत दाखवा. केईएम, सायन, नायर, जे. जे., तुम्हाला जवळ पडेल तिथे. किती पिता ते खरं सांगा, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. पूर्वी फिट आली असेल तर दाखल करून घ्यायला सांगा. बी-१ जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. न जेवता पिणाऱ्यांत ते खूप कमी झालेलं असतं. त्याआधीच थरथर वाढली, बरळणं किंवा फिट आली तर थेट १०८.

मीटिंगला मात्र आजच जा, पीत असलात तरी. फक्त तिथे पिऊन गोंधळ नको. आणि डॉक्टरांची गोळी मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. ए.ए. औषधोपचार करत नाही, तसा दावाही करत नाही.

शेवंती
वहिनींबद्दल. ‘ओपन’ मीटिंगला घरचे येऊ शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. फोनवर हेही विचारा. वहिनींना स्वतःसाठी अल-अनॉन आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, त्यांची मीटिंग वेगळी. तिथे नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्यापायी आपली झालेली फरफट कशी थांबवायची, ते बोलतात.

आणखी एक. भाजीत गुपचूप घालायच्या पावडरी कुणी सुचवेल. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असेल आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. हे औषध डॉक्टरांनी, माणसाला सांगूनच द्यायचं.

भांडुपकर
सर्वांचे आभार. उद्या सुट्टी टाकून सायनला जातोय. बाहेर पडता आलं नाही तर ऑनलाईन मीटिंग चालेल का?

वाटाड्या
चालेल. आत जाण्याआधी झूमवरचं नाव बदला, तिथे पूर्ण नाव दिसतं. कॅमेरा बंद ठेवला तरी हरकत नाही. पण अंगात बळ आलं की प्रत्यक्ष मीटिंगच्या खोलीत जा. रात्री अकराला तल्लफ आली तर फोन करायला तीन-चार नंबर हवेत, ते तिथेच चहाच्या वेळी मिळतात. एका ग्रुपमध्ये मन रमलं नाही तर दुसरा बघा, निदान पाच-सहा मीटिंगा करून मग ठरवा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६, टोल-फ्री आहे. सायनला केसपेपर सकाळी लवकर काढा, आणि वहिनींना सोबत न्या, किती पिता हे त्याही सांगतील.