मदत हवी आहे : खराट्याची नावे आणि अर्थ

आमच्याकडे कोकणात नारळाच्या झावळीतले हीर सोलून, त्यांची बुडे घट्ट आवळून खराटा बांधतात. घाटावर मात्र अंगण आणि खळे झाडायला तुराट्यांचे खराटे वापरतात. घरातली केरसुणी लक्ष्मी म्हणून दिवाळीत पुजली जाते, पण अंगणातल्या खराट्याला तो मान सहसा मिळत नाही, ही मला जरा अन्यायाची गोष्ट वाटते. गाडगे महाराजांच्या हातात खराटाच असे, हे विशेष.

या शब्दाचे लाक्षणिक अर्थ मी गोळा करीत आहे. तेल न लावलेल्या राठ केसांचा ‘खराटा झाला’ असे आपण म्हणतो, आणि पाने झडून नुसत्या काटक्या उरलेल्या झाडालाही खराटाच म्हणतो. याखेरीज आपल्या भागात हा शब्द आणखी कशासाठी वापरतात, काटक्यांच्या झाडणीला तिथे वेगळे नाव आहे का, आणि ती कोणत्या झाडाच्या काटक्यांची बांधतात, हे कृपया तालुक्याच्या उल्लेखासह कळवावे. बोलीतले वाक्य जसेच्या तसे दिल्यास अधिक उपयोग होईल.