भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी महाविद्यालय कसे निवडावे?

प्रश्न: माझी मुलगी बारावीत असून तिला अभियांत्रिकीकडे न जाता भौतिकशास्त्रच शिकायचे आहे. आम्ही साताऱ्याचे. आयसर पुणे (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) मिळाले नाही, तर पुण्या-मुंबईतील महाविद्यालय निवडताना नावाखेरीज नेमके काय पाहावे?

उत्तर १: आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा देणारच असाल, तर नेस्टचाही अर्ज भरावा, त्या परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेत आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातील सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रात प्रवेश मिळतो, आणि दोन्हीकडे पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी अभ्यासक्रम आहे. सीईबीएसचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, हे मला अनाकलनीय वाटते.

उत्तर २: फर्ग्युसन किंवा झेवियर्सचा विचार असल्यास प्रवेशापूर्वी तेथील प्रयोगशाळा, शक्यतो प्रात्यक्षिक चालू असताना, पाहून यावी. न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगात सोडियम दिवा आणि सूक्ष्मदर्शक मुले स्वतः जुळवतात, की आधीच जुळवून ठेवलेल्या उपकरणावर आकडे टिपून जर्नल पूर्ण करतात, एवढे पाहिले तरी विभागाचा दर्जा कळतो. गणित कसे शिकवतात, हेही विचारावे, कारण रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे कच्ची राहिली, तर पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) नुसती पाठ करावी लागते. वसतिगृहाची चौकशी अर्थातच सर्वांत आधी.

उत्तर ३: वरील मताशी सहमत आहे, मात्र साध्या बीएस्सीला दुय्यम समजू नये. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा विज्ञान संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम पदवीच्याच विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिसऱ्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येते.