'स्पायडरमॅन २'मधला पीटर रडका नाही

भो, या सिनेमात पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, नुसतं रडगाणं गातो, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. त्याचं घरभाडं थकलंय, पिझ्झा वेळेत पोचला नाही म्हणून नोकरी जाते, कॉलेजातही बोंब. जळगाव-भुसावळहून पुण्याला जाऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि तो ट्रेनचा प्रसंग! भरधाव गाडी थांबवायला दोन्ही हातांनी जाळी ताणून धरलेली, सूट उसवतोय, तोंडावर मुखवटा नाही. गाडी थांबते तसा तो बेशुद्ध पडतो आणि प्रवासी त्याला हातोहात आत घेतात. दोन लहान मुलं मुखवटा परत देतात. धुळ्याला मित्राच्या घरी सिनेमा पाहत होतो, तर त्याची आजी सारखी "आते कसं व्हई रे!" करत होती. २००४ च्या या सिनेमाची सर नंतरच्या फार थोड्यांना आली.

दोष आहेच, पण वेगळा. यातला खलनायक डॉक ऑक, त्याला पीटरच स्पायडरमॅन आहे हे ठाऊक नाही. त्याला स्पायडरमॅनचा पत्ता पीटरकडूनच काढायचाय, तरी हा बाबा त्याच्या अंगावर आख्खी मोटार फेकतो. पीटर साधा माणूस असता तर जागीच गेला असता, मग पत्ता कोणाला विचारणार होता? लेखकांनी इथे सरळ डोळेझाक केली आहे.