जुन्या खणांवरचे पिवळे डाग कसे काढू? मदत हवी आहे

मंडळी, रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका गाठोड्यात पाच जुने, कर्नाटकातल्या गुळेदगुडचे खण (ब्लाउजचं विणलेलं कापड) मिळाले, आजीच्या ट्रंकेत असायचे ना अगदी तसेच, नाकाशी धरले तर डांबरगोळ्यांचा वास, आणि हातात घेतल्यावर सोडवेचनात. माझ्याकडे आता तीसेक जुने पीस जमलेत पण एवढं सुंदर काहीच नाही. एक मात्र प्रॉब्लेम आहे, वर्षानुवर्षं घडी तशीच राहिल्यामुळे घडीच्या रेषेवर पिवळट डाग पडलेत आणि दोन ठिकाणी कापड विरलंय.

आत्तापर्यंत काय केलं तर दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकले, वास कमी झाला, डाग तसेच. काठाचे धागे जाळून पाहिले, उभ्याला केस जळल्याचा वास आला आणि आडव्याला कागदाचा, म्हणजे रेशीम आणि सूत. ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला तर लालचा रंग लागला, हिरव्याचा नाही. म्हणून रिठ्याच्या पाण्यात घालायचं धाडस होत नाहीये, ब्लीच तर नकोच. ड्रायक्लीनवाल्याने गॅरंटी नाही म्हणून परत पाठवलं.

दोन खणांचे ब्लाउज शिवायचेत (पन्हा कमी आहे, त्यामुळे डागाचा भाग कापून टाकणं जमणार नाही), बाकीचे नुसते जपून ठेवायचेत. तर रंग न जाता हे घडीचे डाग कशाने निघतील, आणि पुण्यात जुनं रेशीम हाताने धुऊन देणारं खात्रीचं कुणी माहितीये का?