महामार्गांच्या पृष्ठभागासाठी प्रतिबंधात्मक देखभालीचा कार्यक्रम कसा उभारावा?

प्रश्न – नियोजन_कक्ष

सुमारे १००० लेन-किलोमीटर (एका लेनची एक किलोमीटर लांबी म्हणजे एक लेन-किलोमीटर) डांबरी महामार्गांच्या देखभालीचे नियोजन नुकतेच माझ्याकडे आले आहे. आजवरची रीत अशी, की दरवर्षी सर्वांत खराब रस्त्यांची यादी करायची, निधी पुरेल तेवढ्यांचे नूतनीकरण करायचे आणि बाकीच्यांवरचे खड्डे बुजवत राहायचे. एवढे करूनही यादी दरवर्षी लांबतच जाते. चांगल्या स्थितीतल्या रस्त्यांवर वेळीच हलके उपचार करण्याचा कार्यक्रम मला मांडायचा आहे. परंतु खड्ड्यांचा रस्ता तसाच ठेवून धडधाकट रस्त्यावर पैसा का घालायचा, हा वरिष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. त्याचे उत्तर आकड्यांत कसे द्यावे आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर – जमाखर्च

वरिष्ठांपुढे एक साधा हिशेब ठेवा. आपल्या जाळ्यातील प्रत्येक लेन-किलोमीटर दरवर्षी एका वर्षाने जुना होतो, म्हणजे काहीही न केल्यास जाळ्याचे आयुष्य वर्षाला १००० लेन-किलोमीटर-वर्षांनी घटते. आता उदाहरणादाखल असे धरा, की यंदा १५ लेन-किलोमीटरची पुनर्बांधणी होऊन प्रत्येकी २० वर्षे मिळाली आणि ३० लेन-किलोमीटरवर जाड थर देऊन प्रत्येकी १० वर्षे मिळाली. जमा झाली ६०० आणि तूट राहिली ४००. तुमची यादी का लांबते, हे या एका वजाबाकीत दिसते.

ही तूट पुनर्बांधणीने भरायची तर आणखी २० किलोमीटर हाती घ्यावे लागतील. आयुष्य ५ वर्षांनी वाढवणाऱ्या हलक्या उपचाराने भरायची तर ८० किलोमीटर पुरतील. एका किलोमीटरच्या पुनर्बांधणीचा खर्च अशा उपचाराच्या चौपटीहून कितीतरी अधिक असतो, हे तुमच्याच निविदांमधील दर लावून दाखवता येईल. मात्र उपचाराचा थर किती वर्षे टिकला हा आकडा जमेला धरू नका. त्यामुळे रस्त्याचे आयुष्य किती वाढले, तोच धरा. या दोहोंची गल्लत झाली की कागदावरची तूट भरते आणि रस्त्यावरची तशीच राहते.

उत्तर – खडी_आणि_डांबर

वरील हिशेब योग्य रस्ता निवडला तरच खरा ठरतो, आणि बहुतेक कार्यक्रम फसतात ते नेमके इथेच. हवेतील ऑक्सिजनमुळे डांबर कडक व ठिसूळ होत जाते, पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी खाली मुरते आणि भिजलेला पाया चाकांच्या भाराखाली खचू लागतो. प्रतिबंधात्मक उपचार ही साखळी सुरुवातीलाच तोडतो; तो रस्त्याची भार पेलण्याची ताकद वाढवत नाही. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत झालेल्या आशो (तेथील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता-चाचणीतून असे दिसले, की आसभारामुळे (वाहनाच्या एका आसावरून रस्त्यावर येणाऱ्या भारामुळे) होणारे नुकसान ढोबळमानाने त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे १६ पट. तेव्हा येणाऱ्या भाराच्या मानाने रस्ता जाडीलाच कमी पडत असेल, तर ६ ते १० मिलिमीटरचे मायक्रोसरफेसिंग (डांबराचे इमल्शन आणि बारीक खडी यांचा पातळ थर) त्याला वाचवू शकत नाही.

म्हणून चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या, तर तो रस्ता या कार्यक्रमातून सरळ वगळावा. चाकोऱ्या पडल्या असतील, पण त्या वाढायच्या थांबल्या असतील, तर मायक्रोसरफेसिंगने भरता येतात. वाढत असतील तर दोष खालच्या थरांत आहे. सुट्या भेगा हवा ना फार गरम ना फार थंड असताना, म्हणजे त्या अर्ध्या उघडलेल्या असताना, साफ व कोरड्या करून भराव्यात. खडीचा सीलकोट (डांबर फवारून त्यावर खडी पसरून दाबलेला थर) थंडीत किंवा ओल्या पृष्ठभागावर केल्यास खडी धरत नाही, आणि धुळीने माखलेली खडी वापरली तरी तेच होते. बाजूची गटारे तुंबलेली असतील, तर वरून काहीही करण्याआधी ती मोकळी करा. गटाराचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून ते दरवर्षी मागे पडते.

नियोजन_कक्ष

दोघांचेही आभार. आमच्याकडे प्रत्येक विभागाचा ० ते १०० या मापावरचा अवस्था-निर्देशांक आहे. ७० च्या वरचे सर्व विभाग पात्र, असा नियम केला तर चालेल का?

उत्तर – खडी_आणि_डांबर

एवढ्यावर निवड करू नका. ७२ हा गुण उन्हापावसाने पडलेल्या आडव्या भेगांमुळे आलेला असू शकतो किंवा भाराने नुकत्याच उमटू लागलेल्या जाळीमुळेही. पहिला रस्ता पात्र आहे, दुसरा नाही. गुणाबरोबर दोषाचा प्रकार पाहा आणि शंका असेल तेथे विक्षेप-मापन (भाराखाली रस्ता किती दबतो याची मोजणी) करून घ्या.

उत्तर – जमाखर्च

यात दोन गोष्टींची भर घालतो. या कामाचा निधी स्वतंत्र शीर्षाखाली ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर तो खड्ड्यांकडे वळवला जाईल. तसेच प्रत्येक उपचारित विभागालगत दोनतीनशे मीटरचा पट्टा मुद्दाम उपचाराविना राखा, त्याची नोंद नकाशावर करा आणि दोहोंची पाहणी दरवर्षी त्याच महिन्यात करा. मी वर धरलेली ५ वर्षे तुमच्या रस्त्यांवर ३ भरतात की ७, हे त्या पट्ट्यावरूनच कळेल, आणि पुढचा हिशेब त्या आकड्याने करता येईल.