पाळी चालू असताना बाईला हार्ट अटॅक येत नाही, हे खरंय का?

ओवाअर्क
नमस्कार मंडळी, विषय घरातलाच आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय 41, अंगाने बारीक, दिवसभर पायाला भिंगरी. मागच्या महिन्यात संकष्टी सोडून रात्री भांडी आवरताना त्यांना छातीत भरून आल्यासारखं झालं, जबड्यात आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे कळ, मळमळ, दरदरून घाम. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की दिवसभरच्या उपवासाने पित्त खवळलंय. ओवा झाला, सोडा झाला, पाठीला बाम झाला. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी न काढताच गॅसचं इंजेक्शन दिलं आणि वर म्हणाले, पाळी चालू आहे ना, मग हार्टचं टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी परत तेच, मग भाऊजी हट्टाने मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले, रक्तात ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं, लगेच अँजिओ आणि एक स्टेंट. आता बऱ्या आहेत. पण सासऱ्यांना 52 व्या वर्षी आला होता तेव्हा त्यांनी नुसती छाती चोळली तर दहा मिनिटांत गाडी दारात होती, हे काही डोक्यातून जात नाहीये. तरुण बायकांना खरंच येत नाही का, की कोणी बघतच नाही?

सोमवारपेठी
पाळी असेपर्यंत बायकांना इस्ट्रोजेन या हार्मोनचं कवच असतं असं शाळेत शिकलोय बुवा. जाऊबाईंची केस लाखात एक असेल.

कॅथलॅबवाला
लाखात एक वगैरे काही नाही हो. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमधे, म्हणजे अँजिओ करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे, 11 वर्षं टेबलाशेजारी उभा आहे. पन्नाशीच्या आत पुरुष जास्त येतात हे खरंच, ते नाकारत नाही. 52 देशांचा इंटरहार्ट म्हणून अभ्यास होता, 2004 साली लॅन्सेटमधे आला, त्यात बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण 9 वर्षं उशिरा येतो असं दिसलं. पण त्यातच हेही निघालं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना तो बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधीच गाठतो, म्हणजे ते 9 वर्षांचं कवच इथे आधीच झिजलेलं. त्यात शुगर असली तर विचारूच नका. अमेरिकेत 55 च्या आतल्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात डायबेटिसमुळे पुरुषांचा धोका पावणेदोन पटीच्या आसपास वाढलेला दिसला आणि बायकांचा साडेतीन पट.
आणि एक गैरसमज व्हॉट्सअॅपवर फिरतो की बायकांच्या छातीत दुखतच नाही. दुखतं! व्हर्गो नावाच्या अभ्यासात 18 ते 55 वयाचे पेशंट घेतले होते, छातीत दुखणं किंवा दडपण 100 पैकी 87 बायकांना होतं, पुरुषांना जवळपास 90, फरक कितीसा. पण बाई सोबत अजून चार गोष्टी सांगते, जबडा, पाठ, मळमळ, धाप, आणि ऐकणारा त्यातली मळमळ तेवढी उचलतो. त्याच अभ्यासात अटॅकच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन आलेल्या बायकांपैकी 53 टक्के म्हणाल्या की डॉक्टरांना ते हार्टचं वाटलं नाही, पुरुषांत हेच 37 टक्के. स्वतः बायकासुद्धा टेन्शनमुळे होतंय म्हणून जास्त वेळा सोडून देतात. 
छातीत दुखत आलेल्या माणसाचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा, बाई असो बुवा असो. आणि पहिला नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही, काही तासांनी परत ईसीजी आणि ट्रोपोनिन बघावं लागतं. पूर्वी लोक वाट बघत घरी बसायचे, आता 108 आहे, रिक्षा शोधत बसू नका.
जाता जाता, बारीक अंगाच्या म्हणालात, घरात मिश्री आहे का? आमच्याकडे तंबाखू खाता का विचारलं की बायका नाही म्हणतात, मिश्रीला कोणी तंबाखू धरतच नाही.

न्यूजर्सीची_काकू
माझं वेगळंच झालं होतं ते सांगते. 34 व्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात. बाळाला पाजताना छातीवर कोणी बसलंय असं वाटलं आणि डावा हात गळून गेला. आई इकडे आलेली होती बाळंतपणाला, ती म्हणाली वात धरलाय, शेकून देते. नवऱ्याने ऐकलं नाही, अॅम्ब्युलन्स बोलावली. कोलेस्टेरॉल नाही, ब्लॉकेज नाही, रक्तवाहिनीचं आतलं अस्तरच फाटलं होतं, त्याला स्कॅड म्हणतात. याचे 10 पैकी 9 पेशंट बायका असतात आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर जे अटॅक येतात त्यांचं हे एक मोठं कारण. बऱ्याचदा स्टेंट न घालता तसंच भरू देतात, माझंही तसंच केलं. म्हणून बाळंतिणीच्या छातीतल्या कळेला वात म्हणू नका ग बायांनो.

सोमवारपेठी
माझे शब्द मागे. बायको 39 ची आहे, थायरॉईड आणि बीपी दोन्ही, उद्याच दाखवतो.

कॅथलॅबवाला
दाखवताना बाळंतपणाची फाईल पण न्या. गरोदरपणात बीपी वाढून अंगावर सूज, लघवीत प्रोटीन असं झालं असेल तर पुढे हार्टचा धोका जवळपास दुप्पट धरतात. तेव्हाची शुगर, लवकर गेलेली पाळी, हेही सांगायचं. कोणी आपणहून विचारत नाही, आमच्याकडच्या केसपेपरवरही तो रकानाच नाही.

ओवाअर्क
मिश्री नाही, पण फाईलचं वाचून सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, अगं सातव्या महिन्यात तिचे पाय एवढे सुजलेले की चप्पल जाईना, बीपीसाठी आठ दिवस अॅडमिट ठेवलं होतं. स्टेंट टाकताना आम्ही कोणी हे सांगितलंच नाही, कोणी विचारलंही नाही. फाईल माळ्यावर ट्रंकेत आहे म्हणे. शुक्रवारी फॉलोअप आहे, आज रात्रीच काढते.