मदत हवी आहे: गाठ आवळून बसते, दोर बदलू की सॅडल?

छाटणीवाला_पुणे
पावसाच्या आत दोरावर चढून सात झाडं छाटून संपवायचीत आणि मला दोरावर धरून ठेवणाऱ्या गाठीने पार हैराण केलंय. चढताना ठीक, पण उतरायला गेलं की अशी आवळते की दोन्ही हातांनी हलत नाही, काल अर्धा तास लटकून होतो, पाय बधिर झाले. सॅडल (झाडावर बसून काम करायचा हार्नेस), दोर, गाठ कुठली घेऊ ते नेमकं सांगा. बजेट पंचवीस हजार. सोमवारी चढायचंय, लवकर सांगा.

सह्यकडा
गाठ कुठली, दोर किती मिमी, काहीच लिहिलं नाही. मी १५ वर्षं सुळके चढतोय, ६ मिमी कॉर्डचा प्रुसिक (दोराभोवती कॉर्ड गुंडाळून मारायची, वजन आलं की आवळणारी गाठ), कधी दगा दिला नाही. सॅडलवर खर्च नका करू, क्लाइंबिंगचा साधा हार्नेस पुरतो.

फांदीवर_लीड्स
सह्यकडा, कड्यावर तुम्ही हार्नेसमध्ये अधूनमधून बसता, आम्ही दिवसभर बसून काम करतो. रुंद पट्टा आणि मांड्यांना गादी नसेल तर दुपारपर्यंत कंबर जाते. आणि दोर एकेरी आहे की फांदीवरून दुहेरी, हे कळल्याशिवाय गाठ सांगता येत नाही.

छाटणीवाला_पुणे
प्रुसिकच आहे, ६ मिमी, ट्रेकच्या दुकानातून आणलेली कॉर्ड. दोर १३ मिमी. वर बेचक्याला बांधतो आणि एकेरीवर चढतो. हार्नेस बांधकामावरचा, पाठीत कडी असलेला.

फांदीवर_लीड्स
मग कारण मिळालं. एकेरी दोरावर तुमचं सगळं वजन गाठीवर येतं. तोच दोर फांदीवरून फिरवून परत कंबरेशी आणला की गाठीवर साधारण निम्मंच येतं, म्हणून ती सुटते. त्यात १३ च्या दोरावर ६ ची कॉर्ड म्हणजे सुरीसारखी रुतणार. १० मिमी घ्या, बाहेरून उष्णतेला टिकणाऱ्या अरॅमिड धाग्याची. नायलॉन घर्षणाने वितळतं, भरभर उतरलात की कॉर्डवर चकाकी दिसेल, ती दिसली की फेकून द्या.
पाठीतली कडी पडण्यापासून वाचवायला असते, तिच्यावर बसून काम करायचं नसतं. सॅडलला पुढे पूल, म्हणजे दोर अडकवायचा सैल पट्टा, आणि दोन्ही बाजूंना कड्या हव्यात, ईएन ३५८ आणि ईएन ८१३ ही युरोपीय मानकं छापलेलं बघून घ्या. दोर ईएन १८९१ टाइप ए. डायनॅमिक दोर नको, ताणला जातो आणि दर हालचालीला तुम्ही खालीवर होत राहता.

माडाचा_राजू
आमच्याकडे सिंधुदुर्गात माडावर चढायचं यंत्र मिळतं, पायाने दाबत जायचं, दोरबीर काही लागत नाही.

फांदीवर_लीड्स
राजूभाऊ, ते सरळ, एकसारख्या जाडीच्या खोडाला चालतं. फांद्या फुटल्या की तिथेच अडतं.

गाठीबाज
व्हीटी शिका, प्रुसिकसारखीच दोर पकडणारी गाठ. दोन्ही टोकांना डोळे असलेली कॉर्ड लागते, पण बोटाने सुटते. ब्लेक ही गाठ जुनी झाली.

फांदीवर_लीड्स
व्हीटीचे वेढे नीट बसले नाहीत तर ती पकडतच नाही, नव्या माणसाला ती का सांगताय? आधी दुहेरी दोरावर ब्लेक. चार वेढे वर, शेपटी खालच्या दोन वेढ्यांखालून काढायची, टोकाला आठाची गाठ मारायचीच. कमरेएवढ्या उंचीवर पन्नास वेळा करा आणि मगच वर जा.

गाठीबाज
मी दोन महिन्यांत शिकलो. नीट शिकवणारा हवा, एवढंच.

नियमवाला
छाटणीची परवानगी आहे का? शहरात १९७५ च्या झाडांच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. सोसायटीने हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही.

छाटणीवाला_पुणे
परवानगी सोसायटीने घेतलीय, कागद बघितलाय. आज अंगणातल्या आंब्यावर चार फुटांवर दुहेरी दोर आणि ब्लेक करून पाहिली, दोन बोटांनी सुटते. दोर फांदीवर घासतो मात्र, साल सोलली जातेय.

फांदीवर_लीड्स
घर्षण वाचवायला दोन कड्यांचा पट्टा मिळतो, तो फांदीला घालून दोर कड्यांतून न्या, दोरही टिकतो आणि झाडही. बाकी अर्धा तास लटकलात ना, गाठीपेक्षा मला त्याची काळजी वाटतेय. न हलता लटकलं की पायातलं रक्त वर येत नाही, माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाय ठेवून उभं राहायला दोरीचा फास कायम जवळ ठेवा. खाली कोण होतं?

छाटणीवाला_पुणे
भाचा. त्याला चढता येत नाही.

सह्यकडा
हे चालणार नाही हो. वर चढून तुम्हाला उतरवू शकेल असा माणूस आणि त्याच्यासाठी दुसरा दोर, हे दोन्ही खाली असेल तरच वर जा. आणि झाड कोणतं आहे?

छाटणीवाला_पुणे
सोमवारचा गुलमोहर. एका बाजूने पोखरलेला आहे, ठोकलं की पोकळ वाजतं.

फांदीवर_लीड्स
ते आधी सांगायचं ना दादा! गुलमोहराचं लाकूड मुळात ठिसूळ, त्यात पोकळ. त्यावर दोर टाकूच नका. माणसाला पाळण्यात बसवून वर उचलणारी गाडी मागवा, सोसायटीला खर्च द्यायला लावा. उरलेल्या सहा झाडांची नावं आणि शक्य असेल तर बुंध्याचे फोटो टाका, एकेक बघू.

छाटणीवाला_पुणे
गाडीवाल्याला फोन केलाय, बुधवारी येतो म्हणाला. संध्याकाळी फोटो टाकतो. सॅडल घेताना कंबर कपड्यावरून मोजायची की नुसती?